थंडीने मारले, बुंध्याने तारले

आमची धाकटी मुलगी लग्नानंतर फ्रान्समध्ये, व्हालांस नावाच्या शहरात राहते. जावई तिथे इंजिनिअर आहेत. "बाबा, एकदा तरी या," असा तिचा तीन वर्षे धोशा चालला होता. शेवटी २०२४ च्या जानेवारीत रजा मंजूर झाली आणि आम्ही उभयता विमानात बसलो. पॅरिसचा तो लोखंडी मनोरा पाहिला, त्याच्यासमोर उभे राहून फोटोही काढला. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी काय वेगळे सांगणार? मला लिहायचे आहे ते न्योंस नावाच्या एका लहान गावाविषयी. आपल्या बागाईतदार बंधूंनी ऐकावे असे काही मला तिथे मिळाले, आणि खरे सांगायचे तर माझे स्वतःचेही एक जुने दुखणे तिथे पुन्हा वर आले.

व्हालांसहून दक्षिणेला ऱ्होन नदीच्या खोऱ्याने निघायचे आणि मग पूर्वेला, डोंगरांच्या दिशेने वळायचे. सारा प्रवास सुमारे शंभर किलोमीटरचा. आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. त्याआधीचे काही दिवस तिकडच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावून मोठे रस्ते बंद पाडले होते. शेतीच्या डिझेलवरचा कर, बाहेरून येणारा स्वस्त माल, न परवडणारे भाव आणि कागदपत्रांचा जाच, अशा त्यांच्या तक्रारी. वाटेत एका गावाच्या नावाची पाटी उलटी टांगलेली दिसली. मला वाटले, वाऱ्याने फिरली असेल. पुढच्या गावाचीही उलटी! मुलगी म्हणाली, "बाबा, हे शेतकऱ्यांनीच केलंय. सगळा कारभार उलटा चाललाय, असं सांगायचंय त्यांना." मला गंमत वाटली आणि जरा आपलेपणाही वाटला. विमानाने दहा तास उडून यावे आणि शेतमालाच्या भावाचेच रडगाणे कानी पडावे!

वाटेत मोंतेलिमार नावाचे गाव लागते. तिथली बदामाची पांढरी चिक्की प्रसिद्ध आहे. सौभाग्यवतींनी दोन तुकडे आवडीने खाल्ले आणि मग कृती विचारली. मध, बदाम, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक, असे मुलीने सांगताच त्यांनी माझ्याकडे असे काही पाहिले की जणू अंडी मीच फोडली होती. असो.

न्योंस हे साताएक हजार वस्तीचे गाव. तिन्ही-चारी बाजूंनी टेकड्या, त्यांच्या मागे आल्प्स पर्वताच्या पायथ्याचे डोंगर, आणि त्या डोंगरांतली एक अरुंद घळ फोडून बाहेर पडणारी एग नदी. घळीच्या तोंडाशी गाव बसले आहे. हिवाळ्यात नदीचे पात्र म्हणजे नुसते पांढरे गोटे आणि त्यांतून वाट काढणारा हिरवट पाण्याचा प्रवाह. थेट आमची कादवा. पण पावसात ती किती चढते, ते तिच्यावरच्या पुलावरून कळते. हा दगडी पूल १४०९ साली वाहतुकीला खुला झाला. चाळीस मीटरच्या आसपास रुंदीचे पात्र एकाच कमानीने ओलांडले आहे, मध्ये एकही खांब नाही. खांबच नाही, तेव्हा पुराने उखडायचे काय? पूल मध्यभागी उंटाच्या पाठीसारखा उंच आहे. वर चढून उभे राहिले की एका बाजूला घळ आणि डोंगर, दुसऱ्या बाजूला सपाटीवर पसरलेल्या द्राक्षबागा, आणि जवळच्या उतारांवर राखी-हिरव्या पानांची, गोलसर छाटलेली झाडे. ती ऑलिव्हची. या गावाचे सारे काही त्या झाडावर चालते.

पुलावर सकाळी नऊच्या सुमाराला वारा असा झोंबत होता की कानटोपी घट्ट धरावी लागली. घळीतून येणाऱ्या या वाऱ्याला तिथे स्वतंत्र नाव आहे, पोंतियास. त्याची एक कथा सांगतात. पूर्वी म्हणे या खोऱ्यात वाराच नव्हता, पिके उबून जात. मग आर्ल गावचे सेझेर नावाचे सत्पुरुष समुद्रावर गेले, त्यांनी आपल्या हातमोज्यात वारा कोंडून आणला आणि इथल्या खडकावर आपटला. खडकाला भेग पडली आणि तिच्यातून वारा वाहू लागला. कथा सोडून द्या; शास्त्र असे आहे की रात्री डोंगरावरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी घळीतून खाली वाहते. सकाळी ऊन तापले की हा वारा पडतो आणि दिवसा खालून वर, उलट दिशेने वाहू लागतो. या गावाला त्याचा फायदा मोठा. आपल्या निफाडकडे थंडीच्या रात्री हवा अगदी पडलेली असते, गारठा सखल शेतात साचून राहतो आणि द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे हवा रात्रभर हलती राहते, थंडी एका जागी साचत नाही. शिवाय उत्तरेकडून येणारा मिस्त्राल नावाचा बोचरा वारा टेकड्या अडवतात. म्हणून इतक्या उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांशेजारी ऑलिव्हसारखे उबेचे झाड टिकले आहे.

टिकले आहे असे लिहिले खरे, पण १९५६ साली ते जवळजवळ संपलेच होते.

आम्ही गेलो तेव्हा तिथे नव्या तेलाचा सण होता. फळांची तोडणी नोव्हेंबरअखेर सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालते आणि नवे तेल निघाले की फेब्रुवारीच्या सुरुवातीला गावकरी कमानींच्या जुन्या चौकात जमतात. पाव भाजायचा, त्यावर लसणाची पाकळी घासायची आणि वरून नव्या तेलाची धार सोडायची, एवढाच प्रसाद. आपण गरम भाकरीवर कच्चे तेल आणि ठेचा घेतो, त्याच जातीचा प्रकार. तेलाला हिरव्या सफरचंदासारखा वास होता. सौभाग्यवतींनी तीन पाव खाल्ले. चिक्कीचा राग तिथे निवळला.

त्याआधी त्यांनी एक प्रयोग केला होता. रस्त्याकडेच्या झाडावर राहिलेले एक काळे, सुरकुतलेले फळ जांभूळ समजून तोंडात टाकले आणि कडूजहर लागून थुंकले. ऑलिव्हचे फळ झाडावरून काढून खाता येत नाही. ते काही महिने मिठाच्या पाण्यात मुरवावे लागते, तेव्हा कडवटपणा उतरतो. आपल्या लिंबाच्या लोणच्यासारखाच धीराचा कारभार. इथली जात तांश नावाची. हिचे फळ पूर्ण काळे होऊन, गारठ्याने सुरकुतेपर्यंत झाडावर ठेवतात आणि मगच काढतात. तेलासाठी साधारण पाच किलो फळाला एक लिटर तेल पडते.

चौकात एका मांडवाखाली एक आजोबा आपल्या तेलाच्या बाटल्या घेऊन बसले होते. वय ऐंशीच्या घरात, हात माझ्या वडिलांच्या हातांसारखे, नखांत कायमची माती. मुलीने त्यांना सांगितले की माझे वडील भारतात शेतीखात्यात आहेत. ते ऐकून त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. (खात्याच्या माणसाकडे शेतकरी जगात सगळीकडे असाच पाहतो की काय?) पण मी तांश जातीचा खुंट कोणता आणि छाटणी कोणत्या महिन्यात, असे दोन-तीन प्रश्न विचारल्यावर ते खुलले. नातवाला दुकानावर बसवून ते आम्हाला गावाबाहेरच्या आपल्या बागेत घेऊन गेले. मुलगी दुभाषाचे काम करीत होती.

बाग उतारावर होती, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांची. आपल्या घाटावरच्या ताली असतात तशा. मी झाडे पाहू लागलो आणि थबकलो. बहुतेक झाडांना एक खोड नव्हतेच. तीन-तीन, चार-चार खोडे रिंगण धरल्यासारखी उभी, आणि मध्यभागी रिकामी जागा. कुठे त्या रिकाम्या जागेत कुजलेल्या जुन्या बुंध्याचा अवशेष. मी विचारले, "ही अशी लावलीत का?" आजोबा म्हणाले, "लावली नाहीत. राहिली."

मग त्यांनी १९५६ ची हकिगत सांगितली. तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. त्या वर्षी जानेवारी अगदी उबदार गेला. थंडी संपली असे समजून झाडे फसली, त्यांच्यात रस चढू लागला. आणि फेब्रुवारी लागताच उत्तरेकडून असा गारठा आला की पारा उणे पंधरा अंशांच्या आसपास गेला आणि दोन-तीन आठवडे हटला नाही. विसावलेले ऑलिव्हचे झाड उणे आठ-दहापर्यंत सोसते. पण अंगात रस चढलेला असला की सोसत नाही. सालीखालचा रस गोठला आणि खोडे फाटली. "रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आवाज यायचा," आजोबा म्हणाले, "काडतूस उडावे तसा. वडील उठून बसायचे. कोणते झाड गेले, हे ते आवाजाच्या दिशेवरून ओळखायचे."

मुलीने हे भाषांतर केले आणि ती गप्प झाली. मीही काही बोललो नाही.

दक्षिण फ्रान्समधल्या ऑलिव्हच्या बागा त्या एका महिन्यात काळ्या पडल्या. आजोबांच्या सांगण्याप्रमाणे, वसंतात तालुक्याच्या गावाहून साहेब आले. त्यांनी झाडे पाहिली आणि सल्ला दिला की मुळासकट काढा, द्राक्षे लावा, जर्दाळू लावा, ऑलिव्हचे दिवस संपले. आजोबांच्या चुलत्यांनी तो मानला. बैल आणि साखळदंड लावून शंभर-शंभर वर्षांची झाडे उपटली. वडिलांनी मानला नाही. त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि प्रत्येक झाड जमिनीबरोबर कापले. वर काहीच ठेवले नाही. मग वाट पाहत बसले.

ऑलिव्हच्या बुंध्याशी जमिनीलगत गाठी असतात. वरचे सारे मेले तरी त्या गाठींत जीव राहतो. त्या उन्हाळ्यात बुंध्याभोवती झुडपासारखे धुमारे फुटले. दोन-तीन वर्षांत त्यांतले जोमदार तीन-चार ठेवून बाकीचे काढले. तीच ही रिंगणातली खोडे. इथे एक गोष्ट बागायतदारांनी लक्षात घ्यावी. जी झाडे जुन्या पद्धतीने मुनव्यांपासून वाढवलेली, म्हणजे स्वतःच्या मुळावर होती, त्यांचा फुटवा मूळ जातीचाच आला. कलमाची झाडे कलमाखालून फुटली, तर खुंट रानटी म्हणून पुन्हा कलम करावे लागते. आजोबांची बहुतेक झाडे स्वतःच्या मुळावरची. वर धुमारा नवा, खाली मूळ शंभर वर्षांचे, खोल गेलेले.

इथे मला माझी गोष्ट सांगणे भाग आहे.

२०१४ च्या मार्चमध्ये आपल्याकडे जी गारपीट झाली, ती वाचकांच्या आठवणीत असेल. माझ्या थोरल्या भावाची, दादांची, निफाड तालुक्यात दोन एकर थॉमसनची बाग. माल तोडणीला आलेला. वीस मिनिटांत घड जमिनीवर, मांडव आडवा, काड्या सोललेल्या, ओलांडे चिरलेले. दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो. दादा बांधावर बसले होते. म्हणाले, "बापू, तू शिकलेला. काय करू सांग." मी बाग फिरून पाहिली. वेली चौदा वर्षांच्या, उत्पादन उतरतीला लागलेले, मांडव नव्याने उभारायचाच. मी म्हणालो, "दादा, तोडून टाका. नवी लावू." सल्ला पुस्तकाला धरून होता. पण खोडे शाबूत होती. मी वर पाहिले, खाली नीट पाहिले नाही.

शेजारच्या बागायतदाराने तोडली नाही. त्याने एप्रिलच्या खरड छाटणीत ओलांडे काढून टाकले, खोडातून निघालेले फुटवे बांबूला बांधले आणि नवे ओलांडे तयार केले. दुसऱ्या वर्षी थोडा, तिसऱ्या वर्षी पुरा माल घेतला. दादांची नवी रोपे मात्र २०१५-१६ च्या दुष्काळात सापडली. विहीर आटली. शेजाऱ्याच्या जुन्या मुळांनी खालची ओल शोधली. दादांच्या कोवळ्या मुळांना ती सापडली नाही. एक एकर वाळली. त्यानंतर कर्ज फिटता फिटेना. दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. आठ-नऊ वर्षे दिवाळीला आम्ही एका पंगतीत जेवतो, पण शेताचा विषय ते माझ्यासमोर काढत नाहीत.

न्योंसच्या त्या उतारावर मी आजोबांना विचारले, "मग तुमचे चुलते चुकले का?" प्रश्न माझ्यासाठीच होता. आजोबा हसले. म्हणाले, "काकाच्या जर्दाळूला चौथ्या-पाचव्या वर्षी पैसे आले. आम्हाला नीट तेल मिळायला आठ-नऊ वर्षे लागली. तोवर आईने शेळ्या पाळल्या, वडील रस्त्याच्या कामावर जात. काकाची मुलं आमच्यापेक्षा चांगले बूट घालायची." थोडे थांबून म्हणाले, "खाली सपाटीला जर्दाळू मीही लावलेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीच्या हिमाने त्यांचा सगळा बहर गेला. ही झाडे तशीच उभी होती."

१९८५ सालीही इथे मोठी थंडी पडली आणि पुन्हा नुकसान झाले. त्या वेळी उपटण्याची घाई फारशी कुणी केली नाही, असे आजोबा म्हणाले. काय करायचे ते लोकांना ठाऊक झाले होते.

परतताना त्यांनी आम्हाला पुलाजवळचे जुने घाणे दाखवले. पूर्वी दगडी जात्यात ऑलिव्ह भरडून त्याचा लगदा गोल पिशवीसारख्या चटयांत भरीत, त्या एकावर एक रचून दाबाखाली तेल काढीत. त्या चटया कशाच्या, तर नारळाच्या काथ्याच्या! नारळ तिथे कुठला यायला? काथ्या आपल्या देशाच्या किनाऱ्यावरून जहाजाने जाई. १९५६ नंतर घाणे बंद पडले, तेव्हा चटया विणणाऱ्या कारखान्याने त्याच मागांवर पायपुसणी आणि गालिचे विणायला घेतले. आता तेल यंत्राने निघते, तरी त्या चटया विकत मिळतात. सौभाग्यवतींनी एक घेतली. केरळातला काथ्या फ्रान्सला जाऊन पुन्हा आमच्या ओट्यावर आला आहे.

उरलेल्या झाडांवर गावाने पुढे एक गोष्ट बांधली, ती नावाची. १९९४ साली न्योंसच्या काळ्या ऑलिव्हला आणि तेलाला सरकारी नाममुद्रा मिळाली. त्या देशात ऑलिव्हला मिळालेली ती पहिली. ठरावीक गावांतले, तांश जातीचे फळ, ठरल्या पद्धतीने काढलेले असेल तरच बाटलीवर न्योंसचे नाव घालता येते. लिटरचा भाव ऐकून मी मनात हिशेब केला, आपल्या शेंगदाणा तेलाच्या दहा पटींहून वर. आपल्या नाशिकच्या द्राक्षांनाही, कोकणच्या हापूसलाही असे मानांकन आहे. पण आमच्या तालुक्यात पेटीवर ते नाव हक्काने घालून त्याचा भाव मागणारा शेतकरी मला क्वचित भेटतो. त्याला दोष नाही. ते त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम ज्यांचे, त्यांत मीही आहे.

निघताना आजोबांनी एक बाटली माझ्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. मुलीला म्हणाले, "साहेबांना सांग, आमच्याकडे आलेले साहेब वाईट नव्हते. त्यांना घाई होती."

गावी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन दादांकडे गेलो. वहिनींनी बाजरीची भाकरी तव्यावरून काढली, मी तिच्यावर तेल ओतले. दादांनी घास घेतला आणि म्हणाले, "वास बरा आहे. पण तेल म्हणजे आपलं शेंगदाण्याचंच." मग मी त्यांना चार खोडांच्या झाडांची सगळी गोष्ट सांगितली. आवाज यायचा ते सांगितले, साहेबांचे सांगितले. आणि मग म्हणालो, "दादा, त्या वेळी आपण खोडं ठेवायला हवी होती. मी चुकीचं सांगितलं."

दादा बराच वेळ भाकरी चावत राहिले. म्हणाले, "आठ-नऊ वर्षं त्यांनी खाल्लं काय?"

"शेळ्या होत्या. आणि म्हातारा रस्त्याच्या कामावर जायचा."

"हं," दादा म्हणाले. "शेळ्या तेव्हा आपल्याकडेही होत्या." तेवढ्यात वीज आली. ते उठले, बॅटरी घेतली आणि दारात थांबून म्हणाले, "येतोस का मोटारीवर? खालच्या एकरातल्या वेली दाखवतो तुला."

दहा वर्षांनी त्यांनी मला बागेत बोलावले होते. मी चपला घातल्या.